दोन पावलं सरकलेली तार

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे, शपथेवर सांगतो. म्हणजे तार खरी आणि माणसं खरी. म्हशीबद्दल माझा फारसा आग्रह नाही.

फार फार वर्षांपूर्वी एका राज्यात डोंगरावरच्या धबधब्यापासून वीज करायचे. एका बारीक तारेवरून ती खालच्या सात गावांत जायची. आधी गावात एकेकच दिवा होता. मग पिठाच्या गिरण्या आल्या, विहिरींवर पंप बसले, घरोघर दिवे लागले. तार मात्र तेवढीच राहिली. तिन्हीसांजेला सगळ्यांनी दिवे लावले, की सातव्या गावात अंधार.

त्या सातव्या गावात राजाचे रस्ते-पाट आखून देणाऱ्या आखणीदाराची लेक नांदत होती. तिचे दिवस भरत आले होते. सुईण म्हणाली, "मूल आडवं आहे. कंदिलावर हे काम व्हायचं नाही. मला चांगला उजेड पाहिजे."

आखणीदार राजाकडे गेला. राजा म्हणाला, "नवी जाड तार ओढा. खुंट्या तुम्ही ठोका. खुंटी दिसेल तिथं मजूर खांब उभा करतील. ते जास्त विचार करत नाहीत, म्हणूनच त्यांना ठेवलंय."

आखणीदारानं सातव्या गावापर्यंत सरळ रेघ आखली, कारण दिवस थोडे होते. पण पहिलीच खुंटी पहिल्या गावात त्याच्याच अंगणात आली, आंब्याच्या बुंध्याशी. आंबा बायकोनं लावलेला. बायको आता नव्हती. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, खुंटी उपटली आणि दोन पावलं पलीकडे, शेजारणीच्या वाफ्यात ठोकली.

शेजारणीची म्हैस रवंथ करत बघत होती. म्हैस सहसा बोलत नाही. पण कुणी विचारलं तर लपवतही नाही.

"माझ्या मेथीत ही खुंटी कुणी आणली गं?" शेजारणीनं विचारलं.

"आखणीदारानं. दोनच पावलं सरकवली," म्हैस म्हणाली.

शेजारणीनं ती आणखी दोन पावलं सरकवली. बातमी सातही गावांत पोचली. पाटील म्हणाला, "तार पाहिजेच. पण माझ्या उसातूनच कशाला? त्यांनी सरकवली, आम्ही काय घोडं मारलंय?" पुजारी म्हणाला, "देवाची काही हरकत नाही. माझी आहे." कुणीच तारेला नको म्हणालं नाही. प्रत्येकाला फक्त दोन पावलं हवी होती, आणि ती प्रत्येकानं न मागताच घेतली. आखणीदाराला हे दिसत होतं. पण कुठल्या तोंडानं बोलणार?

महिन्याभरात खांब उभे राहिले. राजानं कळ दाबली. तार सगळ्यांना चुकवत चुकवत, गोल फिरून, पुन्हा धबधब्यापाशीच आली होती. तिथं लखलखाट झाला. पाण्यातल्या माशांना पापण्या नसतात, त्यामुळे त्यांचे फार हाल झाले.

त्याच दुपारी लेकीला कळा सुरू झाल्या.

"उजेड आला का?" सुईणीनं विचारलं.

"आलाय," आखणीदार म्हणाला. "धबधब्यावर."

सुईणीनं त्याच्याकडे बघितलं. "मूल अंधार पडल्यावरच येणार. मग डोली आणा, तिकडंच जाऊ."

सातव्या गावातून डोली वर धबधब्याकडे निघाली. एका गावानं शिवेपर्यंत न्यायची, तिथं पुढच्यानं खांदा द्यायचा. पाटलानं खांदा दिला, पुजाऱ्यानं दिला. चढावर पुजारी हळूच म्हणाला, "आमचं चुकलंच. पण पहिली तुम्ही सरकवलीत ना?"

"हो," आखणीदार म्हणाला. डोलीतून लेकीनं ते ऐकलं.

दिवस मावळता मावळता डोली पोचली. दिव्याखाली सुईणीनं मूल वळवलं. लेक वाचली. नात झाली, रडलीसुद्धा. पण वाटेत फार वेळ गेला होता. नातीचा उजवा हात पुढं कधीच खांद्याच्या वर गेला नाही.

सकाळी आखणीदार घरी आला. त्यानं कुऱ्हाड काढली आणि आंबा तोडला. बुंध्याच्या जागी खुंटी ठोकली. शेजारीण वाफ्यात उभी राहून बघत होती. दुपारी पाटील आपल्या उसात शिरला आणि एक रांग आडवी करून बाहेर आला. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. बाराव्या दिवशी तार सरळ सातव्या गावात पोचली. तिन्हीसांजेला तिथं दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला.

तात्पर्य: सगळ्यांसाठी रेघ आखायची असेल, तर पहिली खुंटी आपल्या अंगणात ठोकावी आणि ती तिथंच राहू द्यावी.

गोष्ट संपली. आता मूठभर फुटाणे काढा. ऐकणाऱ्यानं द्यायचे असतात, अशी पद्धत आहे. आत्ताच पडली.