ओ कोणी द्यायची

ऐक गं नदीमाई, तुझी गोष्ट तुलाच सांगते.

आटपाट गाव, गावाला नदी, नदीला पूल नाही. एके दुपारी पैलतीरावरून हाक आली, "होडीऽऽ!" घाटावरच्या घरात साळू नावाडीण भाकरी थापत होती. थोरला येसू उंबऱ्यात बसला होता. त्यानं हाक ऐकली, आणि नदीकडे न बघता आईकडे बघितलं. म्हणाला, "आई, तुला बोलावताहेत गं."

साळूचा हात थांबला. मनात कुठंतरी बारीक टोचलं. पण तिनं हात धुतले, पदर खोचला, "ओऽऽ" दिली आणि होडी घेऊन गेली. परत आली तर तव्यावरची भाकरी करपून कोळसा झाली होती. घरात बसलेल्या तिन्ही मुलांपैकी एकानंही ती उलटली नव्हती.

ते घर होडीचं. पैलतीरी माणूस आलं की त्यानं हाक मारायची, होडीच्या घरानं ओ द्यायची, माणूस अलीकडं आणायचं. त्याबद्दल सुगीला गावानं धान्य घालायचं. साळूचा नवरा वारला तेव्हा मुलं लहान होती. मग तिनं वल्हं हाती घेतलं. येसूला वाढवलं, दगडूला वाढवलं, धाकट्या कोंडीला वाढवलं. येसूला मिसरूड फुटलं, दगडूचा आवाज फुटला, कोंडी आईच्या खांद्याला लागली. हाक आली की येसू म्हणे, "मी आत्ता टेकलोय." दगडू म्हणे, "काल तर मी उठणारच होतो." कोंडी म्हणे, "दादा असताना मी कशी जाऊ?" आणि साळू म्हणे, "बसा रे लेकरांनो, मी आहे ना."

असं करता करता साळूचा उजवा खांदा दुखू लागला. मग हात वर जाईना. मग रात्री कूस बदलवेना.

एके दिवशी होडीत एक म्हातारी बसली. पांढरे केस, हिरवं लुगडं, पाय ओले. होडी नदीच्या मध्यावर आली तशी तिनं विचारलं, "बाई, घरी कोणी नाही का?"

"आहेत की. चांगली तीन आहेत."

"मग ओ तू का देतेस?"

"त्यांना सवय नाही, आजी."

"सवय काय झाडाला लागते?" म्हातारी म्हणाली. साळूला हसू आलं, मग रडू आलं. म्हणाली, "माझा हात चालला. माझ्यामागं ही खातील काय? काही उपाय सांगा."

"उपाय नाही, वसा आहे. पण तो तुझ्यानं व्हायचा नाही."

"उपास करीन. अनवाणी चालीन. काय म्हणाल ते करीन."

"तेच तर नको. काही करायचं नाही, हाच वसा. मुलांच्या वाट्याचं काम त्यांच्या हातून ओढून घ्यायचं नाही. हाक आली की तू गप्प बसायचं. चुकली तरी गप्प, वेळ लागला तरी गप्प."

साळूनं वसा घेतला. दुसऱ्या दिवशी हाक आली. ती हात मांडीखाली दाबून बसली. दुसरी हाक आली. तिघं एकमेकांची तोंडं बघत राहिली. तिसरी हाक आली, आणि साळूला राहवेना. उठली, धावली, ओ दिली. वसा मोडला.

मग पुन्हा घेतला. त्या दिवशी कोंडी उठली. होडी सोडली, वल्हं मारलं, होडी जागच्या जागी गरगर फिरली. साळू पाण्यात उतरली, वल्हं हिसकून घेतलं, म्हणाली, "सर बाजूला, तुला नाही जमायचं." कोंडी घरी गेली ती भिंतीकडे तोंड करून बसली. वसा पुन्हा मोडला.

मग पाटील घाटावर आले. म्हणाले, "साळूबाई, तुमचा खांदा सगळ्या गावाला दिसतो. उद्या होडी कोण नेणार?"

"माझी मुलं नेतील."

"आजवर नेलीय कधी?"

साळूनं दुखरा खांदा पदराखाली घेतला. पाटील म्हणाले, "अमावास्येपर्यंत वाट बघतो. मग होडी दुसऱ्या घराला."

साळू नदीकाठी जाऊन रडली. म्हातारी तिथंच पाय धूत होती. म्हणाली, "घरात बसून हा वसा तुझ्यानं होत नाही. पैलतीरी जा आणि तिथून हाक मार."

मग अमावास्येच्या दिवशी धान्याचा पडाव, म्हणजे मोठी मालाची नाव, नदीतून खालून वर चालला होता, त्यात बसून साळू पलीकडं उतरली. होडी घरच्या घाटाला बांधलेली राहिली. पलीकडं एक धनगर बाबा शेळी घेऊन उभा होता. म्हणाला, "काय वो, तुमच्याच होडीला तुम्हीच गिऱ्हाईक? बरी थट्टा हाय." साळू म्हणाली, "थट्टा नाही बाबा. आज माझं घर राहतंय का जातंय, ते बघायला आलेय."

तिनं हाक मारली, "येसूऽऽ!" कोणी आलं नाही. "दगडूऽऽ!" कोणी आलं नाही. "कोंडेऽऽ!" कोणी आलं नाही. साळूच्या मनात आलं, आईनं नाव घेतलं की ही पडल्या पडल्या "आलो गं" म्हणतात, आणि कामाला आईच येते. मी नावानं हाका मारल्या त्या सगळ्या फुकट.

उन्हं कलली. बाबाची शेळी ओरडायला लागली. साळूनं तोंडाला दोन्ही हात लावले आणि परक्या माणसासारखी हाक मारली, "होडीऽऽ!"

घरच्या काठावर तिघं दारात आली. येसूनं मागं वळून घरात बघितलं. घरात कोण होतं? कोणी नव्हतं. चुलीपाशी कोणी नव्हतं, परसात कोणी नव्हतं. तिघं तशीच उभी राहिली. साळूच्या ओठाशी आलं, दोर सोडा, वल्हं घ्या, आधी मागं रेटा. तिनं पदराचा बोळा तोंडात धरला. डोळ्यांतून पाणी आलं, पण शब्द येऊ दिला नाही.

मग बोळा काढला आणि पुन्हा हाक मारली, "होडीऽऽ!"

कोंडी दारातून निघाली. पायऱ्या उतरून पाण्यापाशी आली. तिनं तोंडाला हात लावला. आवाज आधी फाटला, मग लागला.

"ओऽऽ! आले!"

नदीमाई, साळूला जसा गप्प बसण्याचा धीर दिलास, तसा इथं बसलेल्या सगळ्या आयांना दे. तिच्या घराला जशी ओ मिळाली, तशी ऐकणाऱ्यांच्या घरोघरी मिळू दे. पुष्कळ हाकांची ही कहाणी, एका उत्तरानं सुफळ झाली.