टिटवीचा पहारा आणि राणीचा हुकूम

एका जंगलात एक साळुंकी राहत असे. मोठमोठ्यांना प्रश्न विचारणे हा तिचा उद्योग. पोटासाठी ती गव्याच्या पाठीवरचे किडे टिपायची, पण ते काम ती कुणाला सांगत नसे. सांगायची ते हे, की अमक्याने कळप कसा वाढवला, तमकीने पोळे कसे उभारले, हे जाणून घेण्यासाठी मी वणवण करते. दर आठ दिवसांनी, दुपारची उन्हे चढून जनावरे सावलीला आली की मोहाच्या झाडाखाली तिची गप्पांची बैठक भरे. गवा खाली बसून रवंथ करी, साळुंकी त्याच्या पाठीवर, पाहुणा समोरच्या सपाट खडकावर आणि बाकी सगळे भोवताली. मुलांनो, या बैठकीचा एक नियम होता. पाहुणा बोलत असताना मध्ये कुणी तोंड उघडायचे नाही. हा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

साळुंकीचे प्रश्न ठरलेले असत. सुरुवात कशी झाली? अडचणी आल्या तेव्हा काय केलंत? नव्याने काही उभे करू पाहणाऱ्यांना काय सांगाल? उत्तरेही बहुधा ठरलेलीच येत. रानडुकराने सांगितले, जिद्द. मोराने सांगितले, मेहनत. कोल्ह्याने सांगितले, प्रामाणिकपणा, तेव्हा सशांनी एकमेकांकडे पाहिले. पण नियम नियम असतो, बोलले कुणीच नाही.

या बैठकीला एक टिटवी न चुकता यायची आणि सगळ्यात पुढे बसायची. तिला ऐकायची हौस होती असे नाही, तिला खरोखरच गरज होती. जंगलातल्या मोठ्या पाणवठ्यावर तिचा पहारा होता. ती धरून आठ टिटव्या पाण्याभोवती आठ ठिकाणी उभ्या राहत. बिबट्या दिसला की ओरडायचे, एवढे त्यांचे काम. त्या बदल्यात हरणांनी एक गोष्ट कबूल केली होती. टिटवी अंडी घालते ती उघड्या जमिनीवर, चार खड्यांच्या आडोशाला. पाण्यावर येता-जाता हरणांनी ती जागा सोडून चालायचे. हरणांना जीव प्यारा, टिटव्यांना अंडी प्यारी. दोघांचेही त्यात भागत होते.

पहाऱ्याची पद्धत टिटवीच्या आत्याने घालून दिलेली. आत्या एका पायाने अधू होती, करवंदीच्या जाळीपाशी उभी असायची आणि फार बोलायची नाही. तिची पद्धत अशी : आधी ओरडायचे, मग बघायचे. गवत हलले, ओरडा. पान वाजले, ओरडा. कुणाला विचारत बसायचे नाही. यामुळे दिवसातून चार वेळा खोटी हाकाटी व्हायची. हरणे अर्ध्या तहानेने उठून आपल्या नेहमीच्या वाटेने, अंडी टाळून, झाडीत जायची. मग जाळीतून साळिंदर बाहेर यायचे आणि सगळे पुन्हा पाण्यावर. हरणे कुरकुर करीत, पण परत येत.

होता होता ही गोष्ट पसरली. आणखी तीन पाणवठ्यांवरच्या हरणांनी निरोप पाठवला, "आमच्याकडंही पहारा ठेवा." टिटवीच्या मनात ते चांगलेच भरले. आठाच्या बत्तीस टिटव्या करायच्या, चारही पाणवठे सांभाळायचे. पण कसे, ते तिला कळेना. जिथे ती स्वतः उभी नसेल तिथे काम नीट होईल कशावरून? हा एकच प्रश्न घेऊन ती बैठकीला जायची.

एकदा बैठक वारुळापाशी भरली, कारण पाहुणीला बाहेर येता येत नव्हते. ती होती वाळवीची राणी. वारूळ दोन गव्यांएवढे उंच, आणि राणी त्याच्या पार पोटात. साळुंकी वरच्या भोकाला चोच लावून प्रश्न विचारी, आतून घुमत उत्तर येई, ते ती मोठ्याने सगळ्यांना सांगे.

"राणीसाहेब, एवढा मोठा पसारा तुम्ही सांभाळता तरी कसा?"

"हुकमानं," आतून आवाज आला. "माझ्या कानावर आल्याशिवाय इथं मातीचा कणही हलत नाही. ज्याला त्याला आपापल्या बुद्धीनं वागू दिलं तर वारूळ चार दिवस टिकायचं नाही. एक डोकं आणि हजार हात, एवढंच मी सांगेन."

ऐकणारे थक्क झाले. टिटवीला तर आपल्या प्रश्नाचे उत्तरच सापडले. साळुंकीने अनेक प्रश्न विचारले, पण राणीने वारूळ बाहेरून कधी पाहिले आहे का, हे विचारायचे तिला सुचले नाही.

टिटवीने दुसऱ्याच दिवशी नवी पद्धत लावली. कुणीही आपण होऊन ओरडायचे नाही. काही दिसले तर उडत येऊन तिला सांगायचे. ती खात्री करील आणि मग ती सांगेल तेव्हाच ओरडायचे.

आत्याने विचारले, "आणि तेवढ्यात त्यानं उडी घातली तर?"

"आत्या, तुमच्या काळी एकच पाणवठा होता," टिटवी म्हणाली. "आता काम वाढलंय. ज्याला त्याला आपापल्या बुद्धीनं वागू दिलं तर कसं चालेल?"

आत्या म्हणाली, "बरं." आणि जाळीपाशी जाऊन उभी राहिली.

सुरुवातीला सगळे फारच छान चालले. खोटी हाकाटी बंद झाली. हरणांना पोटभर पाणी मिळू लागले. एक वयस्क हरिणी तर म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा माझी तहान सरळ भागली ग बाई." नव्या टिटव्या आल्या, चारही पाणवठ्यांवर पहारा लागला. त्या दिवसांत बिबट्या या बाजूला फिरकलाच नाही, हे खरे कारण. पण यशाची कारणे शोधायला बसले की असली कारणे कुणाला आठवत नाहीत. टिटवीने त्याच सुमारास चार अंडी घातली, पाण्यापासून वीस पावलांवर. तिला वाटले, आपल्याएवढे भरल्या घरचे कुणी नाही.

मग व्हायचे तेच झाले. साळुंकीने तिला पाहुणी म्हणून बोलावले.

टिटवीने नवऱ्याला अंड्यांवर बसवले, पंख साफ केले आणि ती मोहाच्या झाडाखाली गेली. त्या दिवशी गर्दी मोठी होती. साळुंकीने ओळख करून दिली, "टिटवीदेखील समुद्र आटवते, असं म्हणतात. आपल्या टिटवीबाईंनी चार पाणवठे सांभाळून दाखवलेत. बाई, सुरुवात कशी झाली?"

टिटवी सांगू लागली. सुरुवात, अडचणी, रात्रंदिवस केलेला विचार. आत्याचे नाव तिने घेतले नाही. मुद्दाम टाळले असे नव्हे, सांगण्याच्या भरात राहून गेले.

इकडे पाणवठ्यावर करवंदीच्या जाळीत आत्याला दोन कान दिसले. कान साळिंदराचे नव्हते. तिच्या गळ्यापर्यंत आवाज आला आणि तिने तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदा ती आधी ओरडली नाही. पद्धत आता तशी नव्हती. ती उडाली, बिबट्याच्या डोक्यावरून, मुकाट्याने, आणि थेट मोहाच्या झाडाकडे गेली.

टिटवी बोलतच होती. "...म्हणून मी म्हणते, एक डोकं आणि..."

आत्या खडकासमोर उतरली आणि एका पायावर उभी राहिली. तिने चोच उघडली. साळुंकीने मान हलवून तिला गप्प केले. पाहुणी बोलत होती ना! आत्या थांबली. टिटवीने तिला पाहिले आणि तिला वाटले, आत्या आपले ऐकायला आली. तिला मनापासून आनंद झाला, आणि त्या आनंदात ती जरा जास्तच बोलली.

पाणवठ्याकडून किंकाळी आली तेव्हा कुठे तिचे वाक्य संपले.

बिबट्याने एक हरीण धरले होते. बाकीची हरणे सैरावैरा उधळली होती. वेळेवर हाक आली असती तर ती नेहमीच्या वाटेने गेली असती. आता बिबट्या पाठीमागे होता आणि वाट शोधायला उसंत नव्हती. टिटवीचा नवरा शेवटच्या क्षणी अंड्यांवरून उठला म्हणून वाचला. टिटवी पोहोचली तेव्हा जमिनीवर फक्त खुरांचे ठसे होते आणि ओली टरफले. चारातले एकही उरले नव्हते.

टिटवी रडली. पक्षी रडतात की नाही हे मला माहीत नाही, पण ही रडली. हरणांनी तिला दोष दिला नाही, आत्यानेही दिला नाही. कुणीतरी दोष दिला असता तर तिला बरे वाटले असते.

संध्याकाळ व्हायच्या आत ती वारुळाकडे गेली. राणीला जाब विचारायचा, असे तिने ठरवले होते. तिथे जाऊन पाहते तो वारुळाच्या कुशीला हे एवढे मोठे भगदाड! सकाळी अस्वल येऊन गेले होते. भगदाडाच्या कडेने वाळवीचे कामकरी मातीचे कण लावत होते. कोणी आणतोय, कोणी लावतोय, बोलत कुणीच नव्हते.

टिटवीने एकाला अडवले. "राणीसाहेबांना कळलं का हे?"

"काय?" कामकऱ्याने विचारले.

"हेच, वारूळ फुटलंय ते."

"त्यांना कशाला सांगायचं? त्या आत असतात."

"मग तुम्हाला माती लावायचा हुकूम कुणी दिला?"

कामकरी बुचकळ्यात पडला. त्याने तोंडातली माती आधी जागेवर लावली आणि मग म्हणाला, "अंगाला वारा लागला की तिथं माती लावायची. ज्याला लागला त्यानं लावायची. यात हुकूम कुठं आला?"

"पण राणीसाहेब तर म्हणाल्या, माझ्या कानावर आल्याशिवाय कणही हलत नाही."

"असं म्हणाल्या का?" कामकऱ्याला नवल वाटले. "त्या अंडी घालतात, बाई. त्या नसत्या तर आम्ही जन्मालाच आलो नसतो, म्हणून आम्ही त्यांना फार मानतो. पण हुकूम आमच्यात कुणी ऐकलेला नाही. त्या बोलत असतील, आम्ही कामात असतो."

"हे तू त्या दिवशी साळुंकीला का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं?" एवढे बोलून तो दुसरा कण आणायला गेला.

मुलांनो, राणी खोटे बोलली होती का? नाही. तिने अंधारात बसून हुकूम सोडले आणि वर वारूळ वाढत गेले. आपल्याच हुकमाने वाढले असे तिला वाटले, यात तिची तरी काय चूक? आपल्यालाही असे पुष्कळ वेळा वाटते.

टिटवी परत आली. आत्या जाळीपाशी उभी होती. टिटवी तिच्यासमोर मान खाली घालून म्हणाली, "आत्या, मी चुकले. उद्यापासून तुमचीच पद्धत."

आत्या म्हणाली, "उद्यापासून कशाला?"

पुढे टिटवीने चारही पाणवठ्यांवर एकच गोष्ट सांगितली, ज्याला दिसेल त्याने ओरडायचे. तिला विचारायला कुणी यायचे नाही. पुन्हा खोटी हाकाटी सुरू झाली, पुन्हा हरणांची अर्धी तहान आणि पुन्हा कुरकुर. महिन्याभराने टिटवीने त्याच जागी तीन अंडी घातली.

आणि एके दिवशी साळुंकी आली. जंगलात आता अपयशावरच्या गप्पांना मागणी होती. "टिटवीबाई," ती म्हणाली, "या प्रसंगातून तुम्ही काय शिकलात, ते बैठकीत येऊन सांगाल का?"

"बैठकीला मी येणार नाही," टिटवी म्हणाली. "मी इथली जागा सोडत नाही. तुला विचारायचं तर आत्याला विचार."

साळुंकीने आत्याकडे पाहिले. आजवर तिने खडकावर न बसलेल्या कुणाला प्रश्न विचारला नव्हता. तरी ती जाळीपाशी गेली, घसा साफ केला आणि म्हणाली, "तर आत्याबाई, पहारा चालवायचा म्हणजे सगळ्यात महत्त्वाचं..."

"टिटीव! टिटीव!" आत्या तिच्या तोंडावरच ओरडली. लगेच पलीकडून दुसरी ओरडली, मग तिसरी. हरणे उठली, तीन अंड्यांना वळसा घालून नेहमीच्या वाटेने झाडीत गेली. साळुंकी दचकून फांदीवर जाऊन बसली.

थोड्या वेळाने जाळीतून साळिंदर बाहेर आले आणि सगळ्यांकडे बघत पाण्याकडे चालू लागले.

"अहो, माझा प्रश्न तरी पुरा होऊ द्यायचा!" साळुंकी रागावून म्हणाली.

आत्याने जाळीवरची नजर न काढता विचारले, "आणि उत्तर मिळालं की नाही?"

तात्पर्य : काम वाढवायचे असेल तर वर बसलेल्याला जरूर विचारावे, पण ते कशाने टिकले आहे हे माती लावणाऱ्यालाच माहीत असते; आणि ज्याला संकट आधी दिसते, त्याला ओरडण्यासाठी परवानगी मागायला लावू नये.