खंड्याचा डोळा

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असे मी आत्याला कबूल केले होते. ती म्हणते, ही गोष्ट जो सांगतो त्याला स्वतःचे चित्र फार दिवस लपवून ठेवता येत नाही. पण आत्या आत्ता गच्चीवर उन्हात वाल सोलत बसली आहे, तेव्हा भरभर सांगून टाकते.

एका राज्यात थंडी पडली की नांगर, तराजू आणि तलवारी भिंतीला टेकवून ठेवत. मार्गशीर्ष लागला की घरोघरी शेगडी पेटे, तिच्याभोवती घोंगड्या अंथरल्या जात आणि लहानथोर सगळे चित्रे काढायला बसत. कुणी गेरूने, कुणी हळदीने, कुणी काजळीने. हात रेघेत गुंतला की मन निवते आणि मन निवले की थंडी कमी वाजते, एवढाच त्यात हेतू. पौषी पौर्णिमेच्या सकाळी सगळी चित्रे राजवाड्याच्या चौकात टांगत, गूळपोळी खात आणि आपापल्या घरी जात. बक्षीस नाही, क्रमांक नाही.

नियम एकच होता. पशू असो, पक्षी असो वा माणूस, डोळा सर्वांत शेवटी काढायचा. आणि ज्याने पहिली रेघ ओढली त्यानेच तो काढायचा. दुसऱ्याने काढला तर काय होते, हे कुणालाच ठाऊक नव्हते. तसे कधी कुणी केलेच नव्हते.

त्या राज्याच्या राजाला एक मुलगी होती, कुवलया. चौदा वर्षांची. आदल्या पौर्णिमेला तिने घोडा काढला होता. राजा त्याच्यापुढे थबकला, मिशीतल्या मिशीत हसला आणि म्हणाला, "हा घोडा की घडवंची?"

चौकभर हशा पिकला. राजा लाडाने बोलला होता आणि गूळपोळी संपेपर्यंत विसरूनही गेला. कुवलया विसरली नाही. वर्षभर हंडे ठेवायची ती चार पायांची घडवंची दिसली की ती मान फिरवून घेई.

पुन्हा थंडी आली. राजवाड्यात रंग खलणारी तानी नावाची मुलगी होती, कुवलयेच्याच वयाची. तिची बोटे सदा गेरूने लाल. काम उरकले की ती खलाशेजारी बसून आपले चित्र काढी. यंदा तिने खंड्या काढला होता: निळी पाठ, तपकिरी डोके, लालभडक चोच. आत्ता झेपावेल, असा. डोळ्याची जागा तेवढी कोरी होती.

"डोळा उद्या काढीन, ताईसाहेब," ती म्हणाली. "आज हात थकलाय."

पौर्णिमेला उजाडता उजाडता कुवलयेने आपला चौथा कागद फाडला आणि ती खलाच्या खोलीत गेली. नुसते बघायचे, असे तिने स्वतःला सांगितले. मग काडी काजळीत बुडवली आणि खंड्याला डोळा काढला.

"वा!" चौकात राजा म्हणाला. "हा आमच्या कुवलयेचा हात?"

"होय, आबासाहेब."

तानी गर्दीत गूळपोळ्यांचे ताट घेऊन उभी होती. तिने चित्राकडे पाहिले, कुवलयेकडे पाहिले आणि नजर ताटात घातली. जणू चोरी तिनेच केली होती.

तेवढ्यात खंड्याने पापणी मिटून उघडली. पंख झाडले, तो कागदातून बाहेर आला, छपरावर बसला आणि चोच उघडून एक दीर्घ श्वास घेतला. त्या एका श्वासात राज्यातले सगळे रंग त्याच्या पोटात गेले. कुंकू राखेसारखे झाले, हळद राखेसारखी झाली, शेते राखेसारखी झाली. तानीच्या हातून ताट निसटले. तिची दहाही बोटे खडूसारखी पांढरी आणि दगडासारखी ताठ झाली होती.

राजमांत्रिक आला. त्याने तांदूळ फेकले, डोळे मिटले आणि म्हणाला, "महाराज, शाप बाहेरचा नाही, घरातला आहे. माघ संपण्याआधी फिटला तर फिटला, नाहीतर ही बोटे अशीच राहतील."

कुवलया आपल्या पायाच्या नखांकडे बघत राहिली.

"या पोरीनेच रंगात काहीबाही कालवले असणार," लोक म्हणाले. तानीने ताठ बोटे पदराखाली लपवली. दुपारी तिची आई तिला घास भरवताना कुवलयेला खिडकीतून दिसली. त्या दिवशी कुवलयेने आपले ताट तसेच परत पाठवले.

तिसऱ्या दिवशी ती शाल पांघरून तळ्यावर गेली. वाळक्या बाभळीवर खंड्या बसला होता. राख झालेल्या त्या राज्यात रंगीत म्हणून तेवढाच.

"दोन दिवस उशीर केलात," खंड्या म्हणाला.

"तानीची बोटे सोडव."

"मी कसा सोडवू? डोळा तुमचा आहे. त्याला तुमच्याशिवाय दुसरे काही दिसत नाही. तळे भरले आहे, पण मासा म्हणून दिसेल तर शपथ! उपाशी आहे मी." त्याने मान वाकडी केली. "तीन कामे करा. पहिले: तानीचा खल घ्या आणि गेरू खला. चिमटीत कणी लागता कामा नये."

कुवलयेने बत्ता धरला. पहिल्या दिवशी हाताला फोड आले, दुसऱ्या दिवशी ते फुटले. रोज ती पूड घेऊन तळ्यावर जाई आणि रोज खंड्या म्हणे, "कणी आहे." एवढे खलून तानीचा हात थकत असे, आणि मग ती चित्र काढी! आठव्या दिवशी खंड्या म्हणाला, "जमले." त्याने पंख झटकला आणि राज्यात लाल रंग परत आला. बायकांनी कपाळे आरशात पाहिली.

"दुसरे: त्या बगळ्याकडे बघा. पंधरा दिवस. कागदाला हात लावायचा नाही."

ती काठावर बसून राहिली. बगळ्याचा गुडघा मागे दुमडतो, हे तिला चौथ्या दिवशी कळले. उभा असताना तो मानेचा आकडा करतो, हे नवव्या दिवशी. आपण घोड्याकडे एकदाही नीट पाहिले नव्हते, हेही तिला तिथेच कळले. पंधराव्या दिवशी निळा आला, मागोमाग हिरवा.

"तिसरे: आपले चित्र काढा, आपल्या हाताने डोळा काढा, चौकात टांगा. आणि..."

"आणि काय?"

"ते तुम्हाला ठाऊक आहे," खंड्या म्हणाला आणि उडाला.

कुवलया शेगडीशी बसली. पहिली रेघ वाकडी गेली, दुसरी कमी वाकडी. मग रेघ पुढे आणि ती मागे, अशी चालत राहिली. शेगडी विझली तरी तिला पत्ता नव्हता. बगळ्याचा एक पाय लांब झाला, तरी ती थोडा वेळ त्याच्याकडे बघत सुखाने बसली.

माघाच्या अखेरच्या सकाळी चित्र चौकात लागले. राजाने ओठ दाबून धरले. "बगळा ना?"

"बगळाच. एक पाय लांब झाला."

काही घडले नाही. पिवळा आला नाही. तानीचे हात पदराखाली तसेच पांढरे. ऊन छपरावरून कलू लागले. लाल आला, निळा आला, हिरवा आला. एवढ्यावर नाही का भागणार, असे कुवलयेच्या मनात आले, आणि त्या विचाराचीच तिला इतकी लाज वाटली की तिचे कान तापले. कौलांवरून खंड्याचा एक डोळा तिच्याकडे बघत होता.

ती राजाकडे नाही, तानीकडे वळली.

"खंड्या तानीचा होता. मी फक्त डोळा काढला आणि माझा म्हणून टांगला. तिला इतके दिवस बोल लागले आणि मी ऐकत राहिले."

कुणी हसले नाही. हसले असते तर बरे, असे तिला वाटले.

तानी कौलांवरच्या खंड्याकडे बघत म्हणाली, "डोळा जरा खाली हवा होता, ताईसाहेब."

तो काळा डोळा तिळासारखा गळून खाली पडला. खंड्या खाली उतरला, चौकात अजून टांगलेल्या आपल्या कोऱ्या कागदात शिरला आणि डोळ्याची जागा पुढे करून थांबला. तानीची बोटे एकेक करून लवली, लाल झाली. तिने कुंचला घेतला आणि जरा खाली डोळा काढला. त्याबरोबर झेंडूपासून हळदीपर्यंत सगळा पिवळा परत आला.

"पहिला हशा माझा होता," घोड्याची ती थट्टा आठवून राजा म्हणाला. त्याने स्वतः घडवंची आणवली आणि लांब पायाचा बगळा तिच्यावर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा.

पुढच्या थंडीत दोघी एकाच घोंगडीवर बसल्या. "काय काढता आहात?" तानीने विचारले. कुवलयेने सवयीने कागदावर हात ठेवला. मग हळूच एकेक बोट उचलून तिने तो...

आले, आत्या! गच्चीवरून कधी उतरलीस? नाही, कुणाशी नाही बोलत. काय? माझ्या उशीखाली कागद सापडला? थांब, उलगडू नकोस, तो माझाच आहे, चित्र मीच काढ...