बसणीचा कातळ

वाकणवाडीचा चढ संपला, की शाळेच्या अलीकडे डाव्या हाताला एक काळा कातळ लागतो. बैलगाडीएवढा लांब, माणसाच्या कमरेएवढा उंच. त्याच्यावर मूठभरही माती नाही. तरी त्याच्या फटीफटीतून कांडवेल चढलेली दिसते. चौकोनी दांड्याची, बोटाबोटावर सांधा असलेली, हिरवीगार. हाडसांधी म्हणतात तिला काही ठिकाणी. आमच्याकडे ती कुंपणाला, निवडुंगाच्या आधाराने वाढते. उघड्या कातळावर ती कशी रुजली, असं येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो. वाडीतली माणसं कातळाच्या पुढच्या अंगाकडे बोट दाखवतात. तिथे दगड झिजून बसकट झाला आहे, एक माणूस आरामात बसेल एवढा. म्हणतात, हा बसणीचा कातळ.

त्याची हकिकत अशी सांगतात.

फार मागची गोष्ट. तेव्हा वाडीला गाडीरस्ता नव्हता आणि उंबरे होते तीस. अगदी शेवटच्या घरात तान्हाई नावाची बाई राहायची. नवरा तापाने गेला होता. पदरात एकच लेक, सगुणा, सात वर्षांची. नवरा गेल्यावर वर्षाच्या आत थोरल्या दिराने, राणूने, दोघा भावांच्या शेतांमधला बांध दोन हात तान्हाईच्या वावरात सरकवला. तान्हाईने पंच बसवले. बांध कुठे होता ते सगळ्यांना ठाऊक होतं, पण राणूच्या तोंडावर बोलायला एकही माणूस उभा राहिला नाही. राणूची बायको हौसा, तान्हाईची थोरली जाऊ. तीही मान खाली घालून बसली.

त्या दिवसापासून तान्हाईने वाडीशी अबोला धरला. कुणाच्या दारात पाऊल टाकलं नाही. त्या काळी चूल विझली तर शेजारून विस्तव मागून आणत. तान्हाई तोसुद्धा मागायला गेली नाही. पावसाळ्याचे चार महिने ती राखेखाली निखारा जपायची, पण कुणासमोर हात पसरायची नाही. लोक म्हणत, बाई ताठ आहे. ती ऐकायची आणि आणखी ताठ व्हायची.

आषाढात भाताची रोवणी चालली होती. सगुणा आईची भाकर घेऊन शेतावर निघाली आणि ह्याच कातळावरून घसरली. शेवाळ धरलेलं होतं. खाली पडली ती उजव्या पायावर. गुडघ्याच्या खाली पाय वाकला, जिथे वाकायला नको तिथे. तिची किंकाळी ऐकून शेतातली माणसं धावली. कुणीतरी तिला उचलायला वाकलं, तर तान्हाई चिखलातून तशीच पळत आली आणि म्हणाली, "हात लावू नगा. माजी हाय ती."

लेकीला न्यायला तिने कुणाची झोळी घेतली नाही, खांदा घेतला नाही. डोईवरच्या इरल्याची कामटी उपसून पायाला जुनेराच्या, जुन्या लुगड्याच्या, पट्टीने बांधली, लेकीला पाठुंगळी घेतलं आणि ती वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या पठारावर, निघाली. तिथे धनगरांची चार घरं होती. त्यात भागू येडगे नावाचा म्हातारा शेळ्यामेंढ्यांचे मोडलेले पाय बसवायचा, आणि वेळ पडली तर माणसांचेही. चढ तासाभराचा. वाटेत प्रत्येक ठेचेला सगुणा ओरडायची आणि तान्हाई म्हणायची, "आलंच गं, आलंच." मागे वळून तिने एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दिसलं असतं, की अर्धी वाट दोन माणसं तिच्या मागोमाग चालत होती. ती बोलावत नाही म्हणून जवळ येत नव्हती, एवढंच.

भागूने पोरीला घोंगडीवर निजवलं. डोळे मिटून बोटांनी पाय चाचपला. मग एका दमात पाय ओढून हाड जागेवर आणलं. पोरीने आईचा दंड चावला, त्याचा वण तान्हाईच्या दंडावर शेवटपर्यंत राहिला म्हणे. पायाभोवती त्याने मऊ लोकर गुंडाळली, बांबूच्या चार कामट्या लावून घट्ट पण रक्त अडणार नाही अशा बेताने बांधल्या. कांडवेलीची कांडी सोलून, तुपात कढवून त्याचा लेप दिला, सुजेवर वरून लावायला. नुसता रस हाताला खाजतो, तूप विसरू नको, असं बजावलं. पोटात नाचणीची आंबील, दूध, जमेल तेवढं. आणि मग म्हणाला, "हे समदं झालं सोपं. आता अवघड सांगतो. दीड महिना ह्यो पाय हालता कामा नये. सात वर्साचं लेकरू हाय, सांगून ऱ्हानार न्हाई. दिवसभर तिच्यापाशी एक माणूस बसलेलं पायजे."

"बसंन मी," तान्हाई म्हणाली.

"आन रोवणी?"

तान्हाई लेकीला उचलायला वाकली.

चार दिवस ती लेकीजवळ बसली. दारातून तिला आपलं वावर दिसायचं. चिखलणी झालेली, पाणी भरलेलं, आणि कोपऱ्यात भाताची रोपं उंच होत चाललेली. रोपं एकदा वाढली की लावून उपयोग नसतो. वर्षभर खायचं काय, हा प्रश्न तिच्यासमोर तिच्याच दारात उभा होता. पाचव्या दिवशी सकाळी तिने जुनेराचं एक टोक सगुणाच्या कमरेला बांधलं, दुसरं खांबाला. उशाशी पाणी ठेवलं, भाकरीचा तुकडा ठेवला. म्हणाली, "दुपारपतूर येते. उठायचं न्हाई, माज्या गळ्याची आण."

सगुणा उठणार नव्हती. तिने बराच वेळ कौलांच्या फटीतून येणारे थेंब मोजले. मग आई मेली तर काय, असं तिच्या मनात आलं. बाबाही तापात असाच सकाळी तिच्याशी बोलला होता आणि दुपारी नव्हता. हा विचार एकदा आल्यावर गाठ सोडायला तिला वेळ लागला नाही. एका पायावर उंबऱ्यापर्यंत गेली, आई दिसते का पाहायला. आणि उंबऱ्यात पडली.

वाडीतल्या कुणीतरी न सांगताच सड्यावर निरोप नेला, तसा भागू स्वतः खाली उतरून आला. पट्टी सोडली, तर हाड सरकलेलं. पुन्हा ओढावं लागलं. ह्या वेळी सगुणा ओरडलीही नाही, नुसती पांढरी पडली. बांधून झाल्यावर म्हातारा ओट्यावर येऊन बसला. हात धुतले. मग म्हणाला, "दोनदा बसिवलं. तिसऱ्यांदा माज्यानं व्हायाचं न्हाई. आता सरकलं तर पोर जलमभर पाय ओढत चालंल."

तान्हाई भिंतीला टेकून उभी होती. म्हणाली, "मी काय करू बाबा? बसले तर उपाशी मरतो, गेले तर ही पडती."

"ह्या वाडीत तीस उंबरं हायती. त्यात बसाया एक माणूस न्हाई?"

"माज्या बाजूनं बोलाया कुणी न्हवतं. बसाया कोन येनार?"

"इचारलंस?"

तान्हाई दारातून आत लेकीकडे बघू लागली. भागू उठला. काठी उचलली आणि पावसातून सड्याकडे चालू लागला. जाता जाता एवढंच म्हणाला, "वेल दुखनं वडती. कामटी हाड धरती. पर लेकराला धराया मानूसच लागतं, बाय."

तान्हाईला आपला ताठा ठाऊक होता. त्याच्यावरच तर ती दोन वर्षं जगली होती. नवरा नव्हता, जमीन कमी झालेली, पण कुणापुढे वाकले नाही एवढं एक तिचं स्वतःचं होतं. आता तेच सोडून द्यायची वेळ आली होती, आणि तेही ज्यांनी तिला एकटं पाडलं त्यांच्याच दारात. आत सगुणा झोपेत कण्हत होती. तान्हाईने डोईवर इरलं घेतलं आणि बाहेर पडली.

सगळ्यात जवळचं घर हौसाचं होतं. दुसऱ्या कुणाकडे आधी गेली असती तर सोपं झालं असतं. पण तान्हाई म्हणे मनात म्हणाली, इथं उभी राहिले तर पुढं कुठंही उभी राहीन. हौसा अंगणात रोपांच्या मुठी बांधत होती. हात कोपरापर्यंत चिखलाचे. जाऊ दारात आलेली पाहून ती उठून उभी राहिली. दोन वर्षांत दोघींची नजर अशी समोरासमोर झाली नव्हती.

"आक्का," तान्हाई म्हणाली, "बांधाचं बोलाया आले न्हाई. पोरीजवळ कुनी बसाया न्हाई. उद्या बसशील का?"

हौसाच्या घरी पाच माणसांची रोवणी पडली होती. तिने हातातली मूठ खाली ठेवली. पन्हळीखाली हात धुतले, पदराला पुसले. मग विचारलं, "दूध पिती का ती? का अजून साय काढून द्याया लागती?"

तान्हाईला एवढ्या दिवसांत रडू आलं नव्हतं, ते तिथे आलं. हौसाने उद्याची वाट पाहिली नाही. तांब्यात दूध घेतलं आणि ती तेव्हाच निघाली.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या घरची म्हातारी आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, हौसा बसली म्हटल्यावर ती आली. मग पाळ्याच लागल्या. एक दिवस एक घर. ज्यांना कमरेतून वाकून रोवणी जमत नव्हती, अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना जणू काम मिळालं. बाळा नावाचा एक बहिरा म्हातारा यायचा. तो एक शब्द बोलायचा नाही, नुसता वाखाचे दोर वळत बसायचा. त्याच्याकडून सगुणा दोर वळायला शिकली. पाऊस उघडला, की चार माणसं बाज उचलून ह्या कातळापाशी आणायची. पोरीला जरा उजेड मिळावा, शेतातली माणसं दिसावीत म्हणून. बसणारा माणूस कातळाच्या पुढच्या अंगावर बसायचा, लेपासाठी कांडवेल सोलायचा, आणि सालं, सांध्याचे तुकडे तिथेच टाकायचा. तेच तुकडे फटीत रुजले आणि पुढच्या आषाढात कातळ हिरवा झाला. भागू ते पाहायला मुद्दाम खाली आला होता म्हणे. मातीवाचून ही वेल कशावर जगली ते त्यालाही सांगता आलं नाही.

तान्हाईची रोवणी उशिरा झाली, पण झाली. दीड महिन्याने भागूने पट्टी सोडली, तेव्हा सारी वाडी अंगणात जमली होती. पाय काडीसारखा बारीक झालेला, कातडी सुटलेली. म्हाताऱ्याने पुन्हा डोळे मिटले आणि बोटं फिरवली. एका जागी बोटं थांबली. मग तो म्हणाला, "धरलंय. सरळ धरलंय." पट्टी गुंडाळत पुढे म्हणाला, "पर पाय एक बोट आखूड पडला. ते पाचव्या दिवसाचं हाय. ते काय माज्या हातात न्हाई."

तान्हाई आणि हौसा, दोघींच्या खांद्यांवर हात टाकून सगुणा उभी राहिली. महिन्याभरात चालू लागली, वर्षभरात धावू लागली. पण चालताना तिचा उजवा खांदा किंचित खाली जायचा. अनोळखी माणसाच्या ध्यानात यायचं नाही. तान्हाईला ते रोज दिसायचं. माझ्या ताठ्याने हिचं एक बोट खाल्लं, असं ती म्हणायची. ह्याच कातळावर हात ठेवून तिने शब्द दिला, की ह्या वाडीत कुणाच्याही लेकराचं हाड मोडो, माझं त्या घराशी बरं असो की वाईट, पहिल्या दिवशी मी बसेन. आईला माझ्या दारात यायला लागणार नाही.

दोन वर्षांनी हौसाचा धाकटा पेंढ्या रचायच्या उंच माचावरून पडला, हात मोडला. बांधाचा तंटा तोवर पुन्हा पेटला होता आणि दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. हौसा पोराचा हात सड्यावर बांधून घेऊन आली, तर तान्हाई हौसाच्याच ओट्यावर बसलेली. "आत निजीव त्याला," म्हणाली, "मी हाय." दिवसभर बसली. संध्याकाळी उठून घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी राणूशी पुन्हा भांडली. बांधाचं शेवटी काय झालं, ते कुणी सांगत नाही. तंटा मिटला असता तर सांगितलं असतं.

तान्हाई गेल्यावर तिचा शब्द वाडीने उचलला. पण तो तसाच्या तसा राहिला नाही, जरा बदलला. पहिल्या दिवशी कुणी बसायचं, तर ज्या घराशी बोलणं नाही त्या घराने. तो त्यांचा मान. भांडण मिटवायची अट नाही, भांडणाचा विषय काढायचा नाही. नुसतं बसायचं, लेकराला उठू द्यायचं नाही, पाणी द्यायचं, आणि दिवस मावळला की घरी जायचं.

आता रस्ता झाला आहे. लेकराचा हात मोडला, पाय मोडला, तर पहिल्यांदा तालुक्याला नेतात, हाडाचा फोटो काढतात, प्लास्टर घालतात. भागूच्या वंशातले येडगे आजही सड्यावर आहेत. तेच सांगतात, आधी दवाखाना. कातळावरची वेल आता कुणी औषधाला फारशी तोडत नाही. पण प्लास्टर घातलं तरी लेकरू सात वर्षांचंच असतं, आणि आईला कामावर जावंच लागतं.

म्हणून आजही वाकणवाडीत पोराला प्लास्टर घालून गाडी वर चढली, की घरच्या ओट्यावर कुणीतरी आधीच येऊन बसलेलं असतं. अंधुक उजेडात चेहरा दिसला नाही, तरी कोणत्या घरचं आहे ते आईला पुढे जाऊन पाहावं लागत नाही.

ती नुसती म्हणते, "आलात? बसा."

आणि लेकराला आत नेते.