चिंगी बेडकीचं दार

अंगणात नळ होता. नळाखाली ओलं ओलं बीळ. बिळात राहायची चिंगी बेडकी. एवढीशी, बोराएवढी!

चिंगी फिरून आली. बघते तर काय! दारात मोठ्ठं पांढरं थर्माकोल. गणपतीचं मखर! गणपती गेले गावाला, घरच्या नानांनी मखर टेकवलं नळाला.

चिंगीनं ढकललं. हलेना. ऊन तापलं. चिंगीचं अंग सुकायला लागलं.

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. नाना झोपाळ्यावर. कुई कुई.

"नाना, नाना, मखर उचला! माझं दार उघडेना!"

"असू दे गं. पुढच्या वर्षी होईल."

"मागच्या वर्षीचं माळ्यावर आहे! त्याच्या आधीचंही!"

नाना खाकरले. "गाडी नेईल, तर मी उचलीन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. फाटकाशी कचरागाडी. गाडीवर सगुणामावशी.

"मावशी, मावशी, मखर ने! नाना उचलेनात, माझं दार उघडेना!"

"थर्माकोल? नको बाई! टाकू कुठे? मशीन गिळेल, तर मी नेईन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. कोपऱ्यावर मशीन. घर्र घर्र! थर्माकोल दाबायचं, घट्ट वीट करायचं.

"मशीनदादा, मशीनदादा, मखर गिळ! मावशी नेईना, नाना उचलेनात, माझं दार उघडेना!"

"शी! माती लागलीय. नळ धुईल, तर मी गिळीन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. परत नळाकडे. टप टप.

"नळदादा, नळदादा, मखर धू! मशीन गिळेना, मावशी नेईना, नाना उचलेनात, माझं दार उघडेना!"

"बाप रे, मखरावर किती टिकल्या! वाहून गेल्या तर गटार तुंबेल. मुंग्या टिकल्या काढतील, तर मी धुईन."

टुणुक टुणुक, टुणुक टुणुक. भिंतीवर मुंग्यांची रांग. तुरु तुरु.

"मुंग्यांनो, मुंग्यांनो, टिकल्या काढा! नळ धुईना, मशीन गिळेना, मावशी नेईना, नाना उचलेनात, माझं दार उघडेना!"

मुंग्यांनी हुंगलं. "अहाहा! टिकल्यांना मैद्याची खळ! पण चिंगे, काल आमच्या दोघी कुणी गिळल्या गं? तू तोंड मिटशील, तर आम्ही काढू."

 चिंगीच्या पोटात तर कावळे ओरडत होते! पण आता पुढे जायचं कुणाकडे? कुणीच उरलं नाही.

चिंगीनं तोंड मिटलं. गच्च!

मुंग्या आल्या. एक तर चिंगीच्या नाकावरून गेली. गुदगुल्या! तोंड गच्चच.

मुंग्यांनी खळ खाल्ली. टिकल्या काढल्या, वारुळात नेल्या. नळानं मखर धुतलं. सळ सळ!

मशीन म्हणालं, "आता गिळीन." मावशी म्हणाली, "आता नेईन. नाना, उठा की!"

नाना उठले. मखर उचललं. एका हातानं!

"अरेच्चा, हे तर पिसासारखं हलकं!"

"मग इतका वेळ झोके कसले घेत होता?" मावशी म्हणाली. नानांनी गुपचूप माळ्यावरची दोन मखरंही आणून दिली.

गाडी निघाली. खडखड खडखड! मशीननं गिळलं. घर्र घर्र, गप्प! वीट झाली.

आणि चिंगीचं दार? सताड उघडं! चिंगीनं मारली उडी. डुबुक!

गार गार चिखल. पोटाला गार, पाठीला गार.

चिंगी गेली घरात, गोष्ट राहिली कानात!