टिपकीची चमकी कुठे गेली?

एक होती टिपकी. टिपकी म्हणजे एवढासा लाल किडा. बाळाच्या नखावर मावेल एवढा. पाठीवर काळे ठिपके, मोजून सात. पाय सहा. चालायची कशी? तुरुतुरु, तुरुतुरु.

टिपकी राहायची चिकूच्या झाडावर. झाडाखाली हिराकाकूंची स्कूटर. स्कूटरची सीट काळीभोर, गुळगुळीत, रेक्झिनची. रोज सकाळी टिपकी सीटवर उतरायची. सीटच्या आत तिला कोण भेटायचं? तिच्यासारखीच एक लाल लाल मैत्रीण. टिपकीने तिचं नाव ठेवलं होतं चमकी. टिपकी पाय हलवायची, चमकीही पाय हलवायची. टिपकी मान वाकडी करायची, चमकीही करायची. दोघींचं भारी जमायचं.

मग आला दसरा. हिराकाकूंनी स्कूटर धुतली. हार घातला. कुंकू लावलं. आणि सीट झकास चमकावी म्हणून तिच्यावर खोबरेल तेल चोळलं. चांगलं वाटीभर. संध्याकाळी वारा सुटला. अंगणातली सगळी धूळ तेलावर येऊन बसली.

दुसऱ्या दिवशी टिपकी उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु, चिक. पाय चिकटला. चिक. दुसराही चिकटला. टिपकीने खाली पाहिलं.

चमकी नव्हती.

टिपकी थबकली. सहाच्या सहा पाय थबकले. काल होती, आज नाही. अशी कशी गेली, न सांगता?

"सीट सीट, माझी चमकी कुठे?"

सीट कुरकुरली, "मला काय विचारतेस? मीच धुळीने माखलेय. आधी फडकं भिजू दे. ते मला पुसेल, मग मी चमकेन. मी चमकेन, तर चमकी दिसेल."

टिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दोरीवर होतं फडकं. काकूंच्या जुन्या साडीचं, मऊ मऊ.

"फडक्या फडक्या, भीज ना.
फडकं भिजेल, तर सीट चमकेल.
सीट चमकेल, तर चमकी दिसेल."

फडकं म्हणालं, "मी तर कोरडं ठणठणीत. असंच पुसलं, तर सीटला ओरखडे पडतील. आधी पाणी फेसाळू दे."

टिपकी थबकली. सहाच्या सहा पाय थबकले. मग निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. नळाखाली बादली, बादलीत पाणी. डुबुक डुबुक.

"पाण्या पाण्या, फेसाळ ना.
पाणी फेसाळेल, तर फडकं भिजेल.
फडकं भिजेल, तर सीट चमकेल.
सीट चमकेल, तर चमकी दिसेल."

पाणी म्हणालं, "नुसत्या पाण्याला तेल दाद देत नाही गं. आधी साबण पडू दे."

टिपकी थबकली. सहाच्या सहा पाय थबकले. मग निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. मोरीच्या कट्ट्यावर होती बाटली. बाटलीत होता पातळ साबण.

"साबणा साबणा, पड ना.
साबण पडेल, तर पाणी फेसाळेल.
पाणी फेसाळेल, तर फडकं भिजेल.
फडकं भिजेल, तर सीट चमकेल.
सीट चमकेल, तर चमकी दिसेल."

साबण काही बोलणार, तेवढ्यात शेजारून आवाज आला. खर्र खर्र. तारेची घासणी.

"मी येते की," घासणी म्हणाली. "मला नाही कोणाची वाट बघावी लागत. खर्र खर्र घासते. आत्ताच्या आत्ता."

टिपकी हरखली. दोन पावलं पुढेही गेली.

"थांब," साबण हळूच म्हणाला. "आधी ते कोपऱ्यातलं स्टूल बघ."

टिपकीने बघितलं. स्टुलावर रेक्झिनच होतं. पण त्याचे पापुद्रे सुटले होते. आतला पिवळा स्पंज बाहेर आला होता.

"हिने घासलं ते," साबण म्हणाला. "आता त्यात कोणी म्हणजे कोणी दिसत नाही."

बाप रे! चमकी मग कधीच दिसली नसती. टिपकी भर्रकन मागे आली. घासणीकडे तिने परत पाहिलंसुद्धा नाही.

साबण म्हणाला, "माझं बूच घट्ट आहे. आधी काकू बघू देत. त्याच उघडतील."

टिपकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. हिराकाकू पायरीवर बसल्या होत्या. टिपकी त्यांच्या खांद्यावर चढली, थेट कानाजवळ.

"काकू काकू, बघा ना.
काकू बघतील, तर साबण पडेल.
साबण पडेल, तर पाणी फेसाळेल.
पाणी फेसाळेल, तर फडकं भिजेल.
फडकं भिजेल, तर सीट चमकेल.
सीट चमकेल, तर चमकी दिसेल."

काकू म्हणाल्या, "अगं, बघू कशी? चष्मा सापडत नाही सकाळपासून. साबण म्हणून फिनेल ओतलं, तर? आधी चष्मा निघू दे."

फिनेल! टिपकी थबकली. सहाच्या सहा पाय थबकले. मग निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. ओट्यावर झोपलं होतं एक गुबगुबीत मांजर. त्याच्या पोटाखालून एक काडी डोकावत होती. चष्म्याची काडी.

"चष्म्या चष्म्या, नीघ ना.
चष्मा निघेल, तर काकू बघतील.
काकू बघतील, तर साबण पडेल.
साबण पडेल, तर पाणी फेसाळेल.
पाणी फेसाळेल, तर फडकं भिजेल.
फडकं भिजेल, तर सीट चमकेल.
सीट चमकेल, तर चमकी दिसेल."

चष्मा दबक्या आवाजात म्हणाला, "निघू कसा? एवढं मोठं पोट आहे माझ्यावर. आधी मांजर उठू दे."

टिपकी थबकली. सहाच्या सहा पाय थबकले. मांजर केवढं, टिपकी केवढीशी. तरी ती मिशीवर चढलीच.

"मांजरा मांजरा, ऊठ ना.
मांजर उठेल, तर चष्मा निघेल.
चष्मा निघेल, तर काकू बघतील.
काकू बघतील, तर साबण पडेल.
साबण पडेल, तर पाणी फेसाळेल.
पाणी फेसाळेल, तर फडकं भिजेल.
फडकं भिजेल, तर सीट चमकेल.
सीट चमकेल, तर चमकी दिसेल."

मांजराने एक डोळा उघडला. "इथे कसं छान ऊन आहे. ऊन सोडून मी हलत नसतं. आधी ऊन सरकू दे." डोळा बंद. घुर्र घुर्र.

आता? टिपकी वर बघून उन्हाला म्हणाली,

"उन्हा उन्हा, सरक ना.
ऊन सरकेल, तर मांजर उठेल.
मांजर उठेल, तर चष्मा निघेल.
चष्मा निघेल, तर काकू बघतील.
काकू बघतील, तर साबण पडेल.
साबण पडेल, तर पाणी फेसाळेल.
पाणी फेसाळेल, तर फडकं भिजेल.
फडकं भिजेल, तर सीट चमकेल.
सीट चमकेल, तर चमकी दिसेल."

ऊन म्हणालं, "बरं."

टिपकी थबकली. सहाच्या सहा पाय थबकले. ऊन 'आधी' म्हणालंच नाही.

"मी रोजच सरकतं," ऊन म्हणालं. "तू फक्त बस."

टिपकी बसली. बसणं तिला मुळीच जमत नव्हतं, पण बसली. ऊन सरकलं. इतकुसं. अजून इतकुसं. अजून इतकुसं.

ऊन सरकलं, मांजर उठलं. आळस दिला, म्याऊं.
मांजर उठलं, चष्मा निघाला.
चष्मा निघाला, काकूंनी बघितलं.

आणि काकू थबकल्या. दोनच्या दोन पाय थबकले.

"ही माझी सीट? कुणी केली अशी?" मग त्यांना ती वाटी आठवली. काकूंनी जीभ चावली. "मीच की."

काकू उठल्या, साबण पडला. टप्प. एकच थेंब.
साबण पडला, पाणी फेसाळलं. फस फस. थोडा फेस उडून बघायला आलेल्या टिपकीच्या नाकावर बसला.
पाणी फेसाळलं, फडकं भिजलं. काकूंनी ते घट्ट पिळलं.
फडकं भिजलं, सीट पुसली. हळूहळू, सुईं सुईं. तेल गेलं, धूळ गेली. मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुन्हा एकदा पुसली.

"सावलीतच वाळू दे," काकू म्हणाल्या. "उन्हात तडकायची." उरलेलं खोबरेल तेल त्यांनी डोक्याला लावलं. सीटला परत कध्धीच नाही.

सीट वाळली. सीट चमकली. टिपकी उतरली. तुरुतुरु, तुरुतुरु. आता चिक नाही. पण खाली बघायचा तिला धीर होईना. नसली, तर?

टिपकीने हळूच पाहिलं.

चमकी होती.

कुठे गेली होतीस, असं टिपकी विचारणार होती. पण चमकीचे पाय धुळीने माखले होते. नाकाला साबणाचा फेस लागला होता. मिशीला मांजराचा केस चिकटला होता.

टिपकी थबकली. सहाच्या सहा पाय थबकले. म्हणजे चमकीसुद्धा दिवसभर तिलाच शोधत फिरत होती.

टिपकीने पाय खाली टेकवला. चमकीने वर टेकवला.