खेकड्याचे ओले बीळ

मुलांनो, डोंगराच्या कुशीत एक रान होते. तिथे तळ्याकाठी एक उंच कातळ होता आणि त्यावर प्राण्यांची सभा भरत असे. ज्याला बोलायचे असेल त्याने कातळावर चढावे, अशी तिथली रीत. ज्याला चढता येत नसे, तो खाली बसून नुसती मान डोलवी. सभेचा प्रमुख होता हत्ती.

एका वर्षी उन्हाळा फारच लांबला आणि तळे पार आटले. माकड कातळावरून म्हणाले, "डोंगरापलीकडे नदी आहे. तीन दिवसांची वाट. उद्या पहाटे निघू या." वरच्या सगळ्यांनी होकार दिला. खाली उभी असलेली हरिणी मात्र शेजारच्या पाडसाकडे पाहू लागली. तिचे पाडस कालच जन्मले होते. त्याला धड उभे राहता येत नव्हते, ते तीन दिवस कसे चालणार? तेवढ्यात तिला पायाशी खरखर ऐकू आली. एक खेकडा कातळ चढू पाहत होता आणि पुन्हा पुन्हा घसरून पडत होता.

"काय रे, नाच शिकतोयस का?" माकड हसले.

"महाराज, याला काही सांगायचे आहे!" हरिणी ओरडली.

हत्ती कातळावरून खाली उतरला आणि खेकड्यापुढे बसला. "बोल बाबा."

"महाराज, पाणी खाली गेले की मीही खाली खणत जातो. काठावरच्या जांभळाच्या झाडाखालचे माझे बीळ अजून ओले आहे. हे माझे पाय बघा." त्याच्या पायांना ताजा चिखल होता.

"मग आधी का नाही सांगितलेस?"

"तीन सभा झाल्या, चढतोच आहे, महाराज."

हत्ती ओशाळला. त्याने जांभळाखाली खणायला घेतले. सोंड बुडेल एवढा खड्डा झाला तेव्हा तळाशी पाणी पाझरू लागले. "पहिला घोट बाळंतिणीला!" हत्ती म्हणाला. हरिणी पोटभर प्यायली आणि पाडस तिला लुचू लागले. तिचे डोळे भरून आले. "खेकडेदादा, तुमचे उपकार मी कधी विसरणार नाही."

"तू हाक मारलीस म्हणून, ताई," खेकडा म्हणाला.

तेव्हापासून सभा कातळाखालच्या वाळूत भरते. खेकडा दर सभेत बोलतो आणि फार लांबण लावतो. माकड जांभया देते. हत्ती मात्र कान खाली करून शेवटपर्यंत ऐकतो.

तात्पर्य : ज्याला वर येता येत नाही, त्याचे ऐकायला मोठ्यांनी खाली उतरावे, आणि काळ बदलतो तेव्हा तर सर्वांत आधी.